पोलिसांशी आलेला संबंध लोकांना विचारायचा तर

"पोलिसांबद्दल तुमचं मत काय?" हा प्रश्न घेऊन कुणाच्या दारात जाऊ नका. उत्तरं दोनच प्रकारची मिळतात. अनोळखी माणसासमोर जपून बोलणारे म्हणतात, "चांगले आहेत की, आमचं काय वाकडं केलं नाही त्यांनी." आणि जे तावातावाने बोलतात ते बहुतेक वेळा टीव्हीवर पाहिलेलं किंवा मोबाइलवर आलेलं सांगत असतात. तुमच्या भागातल्या ठाण्याची पायरी चढलेल्या माणसाला तिथे कसं वागवलं, हे दोन्हींतून कळत नाही. म्हणून मत बाजूला ठेवा आणि घडलेलं विचारा. कधी गेलात, कशासाठी, कोण भेटलं, किती वेळ थांबलात, बाहेर पडताना हातात कोणता कागद होता. मत त्यातून आपोआप निघतं, आणि ते खोडून काढणं कुणालाही अवघड जातं.

मी सोलापुरात राहते. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य शिकवते आणि वस्त्यांमधल्या महिला मंडळांबरोबर अशी सर्वेक्षणं करते. "आम्हालाही आमच्या वॉर्डात करायचंय, सुरुवात कुठून करू?" असं विचारणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. उदाहरणं सोलापूरची आहेत. मालेगाव, इचलकरंजी किंवा एखाद्या तालुक्याच्या गावी वापरताना भाषा आणि वस्ती बदलेल, पद्धत तीच राहील.

एक गोष्ट आधी ठरवून टाका: हे कशासाठी करताय? एखाद्या माणसावर अन्याय झाला असेल तर त्याची दाद मागायला वेगळ्या जागा आहेत. पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी राज्यांना पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितलं. महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीने ती तरतूद आपल्या पोलीस कायद्यात आणली. तिथे एकेका माणसाची तक्रार चालते. सर्वेक्षण दाखवतं ते निराळं: तक्रार घेऊन गेलेल्या बायकांपैकी कितीजणी रिकाम्या हाताने परतल्या, कोणत्या वस्तीतली माणसं जातच नाहीत, कोणत्या कामाला विनाकारण चार खेपा पडतात. हे एकट्या तक्रारदाराला कधीच दाखवता येत नाही. देशपातळीवर कॉमन कॉज ही संस्था आणि लोकनीती हा संशोधन कार्यक्रम २०१८ पासून पोलीसव्यवस्थेच्या स्थितीचे अहवाल काढतात, मुंबईत प्रजा फाउंडेशन घरोघर पाहणी करतं. ते वाचा, प्रश्न कसे घातलेत ते पाहा. पण तुमच्या चौकीत काय चालतं हे त्यांत सापडणार नाही. ते तुम्हालाच शोधावं लागेल.

आधी प्रसंगांची यादी

"गेल्या वर्षभरात पोलिसांशी संबंध आला का?" असं सरळ विचारलं की दहातले नऊजण "छे, छे" म्हणतात. आपल्याकडे पोलिसांशी संबंध येणं म्हणजे काहीतरी वाईट, अशी समजूत मुरलेली आहे. पासपोर्टच्या पडताळणीला ठाण्यात जाऊन आलेला माणूसही ते मोजत नाही. म्हणून एकेक प्रसंग वाचून दाखवायचा आणि प्रत्येकाला हो किंवा नाही घ्यायचं. अमेरिकेत सरकारच १९९६ पासून दर काही वर्षांनी असं सर्वेक्षण करतं. १६ वर्षं आणि त्यावरच्या माणसांना गेल्या १२ महिन्यांतला संबंध विचारतात, आणि तिथेही संबंधाचे प्रकार वेगवेगळे सांगूनच विचारतात. त्यांची यादी आपल्याला उपयोगाची नाही, कारण तिथे गाडी अडवण्यालाच मोठी जागा आहे. आमची यादी साधारण अशी आहे:

पासपोर्ट किंवा नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी. भाडेकरूची नोंद. मोबाइल, कागदपत्रं, गाडी हरवल्याची किंवा चोरीची नोंद. ऑनलाइन फसवणूक, मग १९३० ला फोन केला असो वा नसो. ११२ ला फोन. घरातलं किंवा शेजारचं भांडण. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार, महिला कक्षात बोलावणं. कुणी बेपत्ता झालं. अपघात. जबाब द्यायला किंवा पंच म्हणून बोलावलं. नाकाबंदीत गाडी अडवली. मंडळाची, मिरवणुकीची, स्पीकरची परवानगी. चॅप्टर केसची, म्हणजे शांतता राखण्याची हमी मागणाऱ्या प्रतिबंधक कारवाईची नोटीस. जामिनाची हजेरी. रात्री घरी येऊन चौकशी. हातगाडी उठवली. आणि शेवटी, यादीतला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग: दुसऱ्या कुणासोबत ठाण्यात गेलात का?

हा शेवटचा प्रसंग का, ते सांगते. आमच्या विडी कामगार वसाहतीतल्या एका बाईंच्या ओट्यावर मी बसले होते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पानं कात्रीने कापून बाजूला गड्डी रचलेली. यादी वाचताना त्या मान वर न करता विड्या वळत होत्या आणि प्रत्येक प्रसंगाला "नाही" म्हणत होत्या. "कुणासोबत गेलात का?" ऐकल्यावर हात थांबले. दिराच्या मुलाला चौकशीला नेलं होतं. घरातले पुरुष यंत्रमागावर रात्रपाळीला, म्हणून जाऊबाईंबरोबर ह्या गेल्या. दिवेलागणीपासून अकरापर्यंत दोघी बाहेरच्या बाकावर बसून होत्या. आत बोलावलं नाही, काय झालंय ते सांगितलं नाही, पाणी कुठे मिळेल तेही कुणी सांगितलं नाही. मुलगा अकराला बाहेर आला, "काही नाही, चला" म्हणाला. कुठल्याच रजिस्टरला याची नोंद नसणार. पण त्या बाईंच्या मनातलं पोलीस ठाणं त्या बाकावर घडलं आहे. सोबत गेलेल्यांचा अनुभव सोडून दिलात तर बायकांचा अर्धा अनुभव सुटतो.

यादीला जोडून आणखी एक विचारा: भेटले ते नक्की कोण होते? खाकी दिसली की लोक पोलीस म्हणतात. ठाण्याचे पोलीस, वाहतूक शाखा, होमगार्ड, स्टेशनवरचे रेल्वे सुरक्षा दलाचे जवान, महापालिकेचं अतिक्रमण पथक, सगळे एकाच मापात येतात. ते नोंदवताना वेगळे काढले नाहीत तर उद्या अहवाल हातात घेऊन पोलीस अधिकारी म्हणतील, "हे आमचे नव्हेतच." आणि ते बरोबर असेल. गावाकडे पोलीस पाटील यादीत हवाच, कारण तिथे पहिलं बोलणं त्यांच्याशीच होतं. नुसतं ई-चलान मोबाइलवर आलं असेल तर ते वेगळ्या रकान्यात ठेवा. त्यात माणसाशी माणसाची गाठ पडलेली नसते.

काळ १२ महिन्यांचा ठेवा, पण "१२ महिने" म्हणू नका. लोक मनावर बसलेली जुनी घटना ओढून अलीकडे आणतात. आम्ही "गेल्या गड्ड्याच्या यात्रेपासून आजपर्यंत" असं विचारतो. सोलापूरच्या माणसाला सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे संक्रांत, अचूक आठवते. तुमच्याकडे उरूस असेल, पोळा असेल, तो धरा. यात्रा, गणपती किंवा निवडणूक नुकतीच संपली असताना मात्र सर्वेक्षण करू नका. तेव्हा सगळं बोलणं बंदोबस्ताभोवती फिरतं.

किती माणसं, कुठली माणसं

इथे थोडं गणित आहे आणि ते टाळून चालणार नाही. नीट निवडलेल्या ४०० माणसांकडून आलेली टक्केवारी साधारण ५ टक्के इकडे किंवा तिकडे असू शकते. हा आकडा ऐकून मंडळं ४०० वर थांबतात. पण समजा सातांतल्या एकाचाच वर्षभरात पोलिसांशी संबंध आला, तर ४०० मधले ५७ जणच तुम्हाला अनुभव सांगणार. ५७ जणांवरून काढलेली टक्केवारी १३ टक्के इकडेतिकडे होते. त्यातल्या बायका पंधरा-वीस असतील. त्यांच्यावर टक्केवारी काढायचीच नाही. म्हणून दोन टप्पे करा. दारात सगळ्यांना यादी आणि आणखी दोन-तीन प्रश्न, पाच मिनिटांत. प्रसंग निघाला तरच लांब मुलाखत. असं केलं की हजार घरं करता येतात, आणि त्यातून दीडशेच्या आसपास लांब मुलाखती हाती लागतात. एवढ्यावर काहीतरी ठामपणे बोलता येतं.

घरं निवडायला मतदार यादी बरी; बूथवार, फुकट, सगळ्यांना खुली. एका बूथमध्ये ४० घरं करण्यापेक्षा चार बूथमध्ये दहा-दहा करा. एका गल्लीतल्या लोकांचा अनुभव सारखा असतो, तिथे जास्त माणसं घेऊन नवं काही कळत नाही. यादी फक्त घर निवडण्यापुरती वापरा. दारात जाऊन माणसाचं नाव घेतलंत की "आमचं नाव तुम्हाला कुणी दिलं?" इथेच बोलणं संपतं. झोपडपट्टीत यादीतले घर क्रमांक जुळत नाहीत, तिथे वस्तीचा हाताने नकाशा काढायचा आणि उजव्या हाताने चालत ठरावीक अंतराने घर घ्यायचं. नवीन आलेले भाडेकरू मतदार यादीत नसतात, आणि पोलिसांची नोंदणी त्यांच्याच मागे असते. चालत निवडलेल्या घरांत ते सापडतात.

घरात कुणाशी बोलायचं? दार उघडेल त्याच्याशी बोललात तर दुपारी सगळ्या बायका आणि संध्याकाळी सगळे घरमालक येतील. पुस्तकात सांगतात, ज्याचा वाढदिवस सर्वांत जवळ आला त्याला निवडा. आपल्याकडे हे चालत नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली १ जून हीच अर्ध्या वडीलधाऱ्यांची जन्मतारीख आहे. त्यापेक्षा घरातल्या १८ वर्षांवरच्या माणसांची वयं मोठ्यापासून लहानापर्यंत लिहा आणि फॉर्मवर आधीच छापलेल्या आकड्याप्रमाणे पहिला, दुसरा किंवा तिसरा माणूस घ्या. तो घरी नसेल तर वेळ विचारून परत जा. त्याच्या जागी दुसरा घ्यायचा मोह प्रत्येक स्वयंसेवकाला होतो. तो मोडून काढावाच लागतो, कारण घरी न सापडणारा माणूस हाच रस्त्यावर जास्त असतो आणि पोलिसांच्या नजरेसमोर जास्त येतो.

कोण विचारणार

बायकांशी बाईच बोलेल, याला अपवाद नको. त्याच गल्लीतली व्यक्ती नको. शेजारणीला कुणी घरातलं भांडण सांगत नाही. पक्षाचा कार्यकर्ता नको, पोलीस मित्र नको, शांतता समितीचा सदस्य नको. सोबत हवालदार तर नकोच, मग तो कितीही मदतीला तयार असो. सोलापुरात भाषा हा स्वतंत्र प्रश्न आहे. पूर्व भागातल्या पद्मशाली घरात तेलुगू, कुठे कन्नड, कुठे दखनी. फॉर्म मराठीत असला तरी प्रत्येक प्रश्न त्या भाषेत कसा उच्चारायचा हे आधी एकत्र बसून ठरवा आणि पाठ करून घ्या. नाहीतर पाच मुली पाच वेगवेगळे प्रश्न विचारतील.

पोलीस आयुक्तांना किंवा पोलीस अधीक्षकांना आधी पत्र द्या. पत्र माहितीसाठी आहे असंच लिहा, परवानगीचा अर्ज करू नका. त्यावर आवक शिक्का घ्या आणि पोचेची झेरॉक्स प्रत्येक जोडीजवळ ठेवा. कुणी हटकलं तर वाद न घालता ती दाखवायची. बऱ्याच अधिकाऱ्यांना अशा पाहणीत रस असतो, हेही माझ्या पाहण्यात आहे.

तेही माणसंच आहेत, हे मुलांना शिकवताना मी आवर्जून सांगते. लोकनीती आणि कॉमन कॉजच्या २०१९ च्या अहवालात पोलिसांनाच त्यांच्या कामाबद्दल विचारलं होतं. सरासरी १४ तासांची ड्यूटी निघाली. ठाणे अंमलदार खेकसला तर ती नोंद करायचीच, पण तो वाईट माणूस आहे असं गृहीत धरून प्रश्न विचारायचा नाही. विचारणाऱ्याच्या आवाजात ते येतं आणि समोरचा त्याच सुरात उत्तर देतो.

कागद कोणता मिळाला?

लांब मुलाखतीत सर्वांत जास्त वेळ या प्रश्नावर घालवा. "तक्रार दिली" असं माणूस सांगतो तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी झालेल्या असू शकतात. एफआयआर नोंदवला असेल, म्हणजे दखलपात्र गुन्ह्याची नोंद, ज्यावर पोलीस स्वतःहून तपास करू शकतात. एनसी घेतली असेल, म्हणजे अदखलपात्र नोंद, ज्यावर न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. किंवा "अर्ज लिहून द्या, बघतो" म्हणून साधा अर्ज ठेवून घेतला असेल. माणसाच्या दृष्टीने तिन्ही तक्रारीच; महिनोन्महिने तो गुन्हा दाखल झाला समजून वाट पाहतो. तर विचारायचं असं: "बाहेर पडताना हातात काय होतं? दाखवता येईल का?" लोक कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढतात, त्यात रेशनकार्डाशेजारी तो कागद असतो. एफआयआर असेल तर छापील नमुना, गुन्ह्याचा नंबर आणि साल, कलमं. एनसी असेल तर एनसी नंबर. अर्ज असेल तर फक्त आवक शिक्का, आणि पुष्कळदा तोही नाही. फॉर्मवर चौथा रकाना ठेवा: "काहीच नाही."

हा रकाना महत्त्वाचा, कारण कायदा स्पष्ट आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की नोंद केलीच पाहिजे, हे ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती घ्यायची आहे, आणि नोंदीची प्रत फुकट द्यायची आहे. म्हणून "आमच्या हद्दीत येत नाही" असं सांगून परत पाठवलं का, हा वेगळा प्रश्न घाला. तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवायची, असंही नव्या संहितेत आहे; कुणी कळवलं का, फोनने की कागदाने, तेही विचारा. साक्षीदार म्हणून जबाबाला बाईला किंवा ६० वर्षांवरच्या माणसाला ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब राहत्या जागी घ्यायचा असतो. आमच्याकडे हे बोलणाऱ्या बहुतेकांना माहीत नसतं. मुलाखतीच्या मध्येच ते शिकवायला बसू नका. "जबाब कुठे झाला?" एवढं लिहून घ्या आणि माहितीपत्रक शेवटी हातात द्या.

वागणुकीबद्दलही असंच बारीक विचारायचं. "नीट वागले का?" नको. बसायला सांगितलं का? अहो-जाहो केलं की अरे-तुरे? तुमचं पूर्ण ऐकून घेतलं की मध्येच तोडलं? लिहिलेलं वाचून दाखवलं का, की नुसती सही किंवा अंगठा घेतला? बाईची तक्रार असेल तर लिहून घेणारी बाई होती का? पुढे काय होणार ते कुणी सांगितलं का? काम झालं की नाही, हा प्रश्न सगळ्यात शेवटी. हरवलेला मोबाइल परत मिळाला नाही तरी "साहेबांनी बसवून ऐकून घेतलं" म्हणून समाधानी असलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि काम होऊनही पुन्हा कधी पाय ठेवणार नाही म्हणणारीही.

पैशाचा प्रश्न सरळ विचारू नका, आणि टाळूही नका. "या कामाला एकूण किती खर्च आला?" असं सुरू करा आणि एकेक ओळ भरा: रिक्षा, बुडालेली मजुरी, झेरॉक्स, नोटरी, मध्यस्थ, चहापाणी, ठाण्यात. मजुरी आणि रिक्षाचा हिशेब सांगता सांगता माणूस उरलेलंही सांगतो. नसेल सांगत तर पुन्हा टोकायचं नाही. कुणाला दिले हे विचारायचंच नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाऱ्यावरही गुन्हा होऊ शकतो. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळवल्यास सुटका आहे. तुमच्या फॉर्मवर नाव, पत्ता आणि ही रक्कम एकत्र असेल तर तुम्ही त्या माणसाला धोक्यात घातलंत. जो तक्रार करू इच्छितो त्याला लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ नंबर द्या, बस्स.

जे गेलेच नाहीत

माझ्या मते सगळ्या सर्वेक्षणाचा जीव या एका प्रश्नात आहे, आणि तो दारातल्या पाच मिनिटांतच, सगळ्यांना विचारायचा: "गेल्या गड्ड्यापासून असं काही घडलं का, की पोलिसांकडे जावं असं वाटलं पण गेला नाहीत?"

पहिलं उत्तर ठरलेलं असतं. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." ते उत्तर म्हणून लिहू नका. हसून म्हणा, "खरंय, पण घडलं काय होतं?" मग कुणी पोराच्या गळ्यातली चेन सांगतं, कुणी खात्यातून गेलेले पाच हजार, कुणी खूप वेळ गप्प राहून नवऱ्याचं सांगतं. न जाण्याचं कारण आधी त्यांच्या शब्दांत लिहून घ्या, पर्याय वाचून दाखवू नका. पर्याय वाचले की लोक त्यातला सभ्य पर्याय निवडतात, "वेळ नव्हता". त्यांच्या तोंडून येतं ते वेगळं असतं: "मालक काय म्हणतील", "पोरीचं लग्न ठरायचंय", "आधीच्या वेळी हाकललं होतं", "ते त्यांच्याच ओळखीचे", "एक दिवस गेला तर खाडा पडतो". घरी आल्यावर दोघांनी स्वतंत्रपणे ही कारणं गटांत लावायची आणि जुळवून पाहायची. जिथे जुळत नाही तिथे मूळ वाक्य पुन्हा वाचायचं.

जिथे पोलीसच दारात येतात

काही वस्त्यांत सगळा फॉर्म उलटा करावा लागतो. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं. तो भाग आजही सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. संशय रद्द झाला नाही. पारधी वस्तीत जाऊन "तुम्ही पोलिसांकडे गेलात का?" विचारणं म्हणजे त्यांचा अनुभव न विचारण्यासारखंच आहे. तिथे विचारायचं: पोलीस आले का? किती वाजता? कुणाला नेलं? काय कारण सांगितलं? घरच्यांना कुठे नेलं ते कळवलं का? अटकेचा कागद झाला का? २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं का? बाईला सूर्यास्तानंतर नेलं का? अटकेच्या वेळी काय पाळायचं हे डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकेक मुद्दा घालून दिलं आहे. त्याच क्रमाने प्रश्न रचा.

या मुलाखती त्या समाजातल्या कार्यकर्त्यांबरोबरच करा, कागदावर करा, मोबाइल खिशात ठेवा. इतरत्र मोबाइलवर फॉर्म भरण्याचं कोबो टूलबॉक्स हे साधन सोयीचं आहे. इंटरनेट नसतानाही चालतं, मराठी फॉर्म बनतो. पण ज्याला पकडून नेलं होतं त्याच्यासमोर मोबाइल धरून बसलात तर त्याला आपलं बोलणं रेकॉर्ड होतंय असंच वाटणार. या वस्त्यांचे आकडे शहराच्या सरासरीत मिसळू नका. हजारात तीस घरं मिसळली की दिसेनाशी होतात. वेगळं प्रकरण करा.

सांगणाऱ्याला झळ बसता कामा नये

नाव फॉर्मवर नको. फॉर्मला क्रमांक, आणि परत जाण्यासाठी लागणारा पत्ता वेगळ्या वहीत. ती वही एकाच माणसाकडे, काम संपलं की फाडून जाळायची. जाळण्याची तारीख सुरुवातीलाच ठरवून टाका. फोटो नाही, आवाज नाही, मोबाइलवर ठिकाणाची नोंद बंद. सुरुवातीला तोंडी संमती घ्या, साध्या शब्दांत: आम्ही पोलिसांचे नाही, सरकारचे नाही, नाव लिहीत नाही, कुठलाही प्रश्न सोडता येईल, मध्येच थांबवता येईल, यातून तुमची केस सुटेल असं मात्र नाही. शेवटचं वाक्य गाळू नका. लोक आशेने बोलतात.

सासू किंवा शेजारीण येऊन बसली तर घरगुती प्रश्न तिथेच थांबवा आणि भाडेकरू नोंदणीचे प्रश्न काढा. १८ खालच्या मुलांना या सर्वेक्षणात घेऊ नका. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर ती पोलिसांना कळवण्याचं बंधन २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कुणावरही येतं, स्वयंसेवकावरही. हे प्रशिक्षणाच्या पहिल्या तासाला सांगा. मारहाण, बेकायदा डांबून ठेवणं असं काही निघालं तर ऐकून घ्या, सल्ला देऊ नका, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता आणि १५१०० हा मोफत कायदेशीर मदतीचा नंबर द्या. अशी मुलाखत करून आलेल्या मुलीला त्या दिवशी दुसरी मुलाखत देऊ नका. तिच्याशी बसून बोला.

आकडे हातात आल्यावर

माहिती अधिकारात ठाणेनिहाय आकडे मागवून ठेवा: वर्षभरातले एफआयआर, एनसी, आलेले अर्ज, पासपोर्ट पडताळण्या. दहा रुपये शुल्क. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, म्हणून एकेक बाब स्वतंत्र अर्जात. उत्तर यायला ३० दिवस धरा; म्हणजे अर्ज सर्वेक्षणाच्या आधी गेलेला असला पाहिजे. लोक सांगतात ती अर्जांची संख्या आणि ठाण्याच्या दप्तरातली संख्या शेजारी ठेवली की अर्ज घेऊन ठेवले जातात पण आवक होत नाहीत, असं काही असेल तर तिथे दिसतं.

तीसपेक्षा कमी उत्तरांवर टक्केवारी लिहू नका, "१९ पैकी ११" असं लिहा. कुणाही हवालदाराचं, अधिकाऱ्याचं नाव अहवालात नको. एवढ्या थोड्या मुलाखतींवरून ठाण्याठाण्यांत पहिला-शेवटचा क्रमांक लावू नका. वर्तमानपत्रं तेवढंच छापतील आणि बाकी सगळं बुडेल. चांगलं निघालं तेही त्याच ठळकपणे द्या. ११२ ला फोन केल्यावर गाडी लवकर आली असं लोक सांगत असतील तर ते पहिल्या पानावर हवं.

अहवाल आधी वस्तीत वाचून दाखवा. मराठीत, तेलुगूत, जिथे जसं लागेल तसं. बायका तिथे चुका दाखवतात, "आमच्याकडे हे असं नाही, तसं आहे" म्हणतात, आणि त्या बहुधा बरोबर असतात. त्यानंतर पोलिसांकडे जा आणि मोजक्या, करता येण्यासारख्या मागण्या ठेवा. प्रत्येक अर्जाला शिक्का मारलेली पोच. सोबत आलेल्यांना किती वेळ लागेल ते दर तासाला सांगणारा एक माणूस. एफआयआर आणि एनसीमधला फरक सांगणारा मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दूतला फलक. यातल्या एकालाही सरकारी मंजुरी किंवा निधीची वाट पाहावी लागत नाही; ठाण्याच्या निरीक्षकाने मनावर घेतलं तर आठवड्यात होतं. कोणती मागणी कुणी, कधीपर्यंत करायची ते बैठकीतच लिहून घ्या, त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या, आणि पुढच्या वर्षी याच सुमारास तेच प्रश्न, शब्दही न बदलता, नव्याने निवडलेल्या घरांना विचारा.